कालवण न सांडणारी चाकं

उलव्यात भाड्याचं घर बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी आम्हाला दारातूनच परत पाठवलं. मी आणि बायको, दोघंच गेलो होतो. त्यांनी आमच्याकडे बघितलं, मग आमच्यामागे जिन्यात आणखी कोणी येतंय का ते वाकून बघितलं आणि विचारलं, "बाकीची मानसं कुठं हायत?"

म्हटलं, आई आणि मुलगी कोपरखैरण्याला आहेत. घर पसंत पडलं की आणू.

"तुमी दोघांनीच पसंत करून काय उपयोग? ऱ्हानार सगली ना? मंग सगली या. आनि दोन-चार पावने पन घेऊन या."

बायको म्हणाली, हा माणूस सरळ दिसत नाही, दुसरीकडे बघू. पण घराची हवा चांगली होती, आणि मला उरण रस्त्यावरच्या कंटेनर यार्डातलं ऑफिस तिथून जवळ पडणार होतं. पुढच्या रविवारी आई, मुलगी, माझा भाऊ, भावजय आणि त्यांची पोरं असा सगळा फौजफाटा घेऊन गेलो. घरमालकांनी आम्हाला हॉलमध्ये बसवलं. सगळे पंखे लावले, सगळे नळ एकदम सोडले, संडासाची टाकी दोनदा ओढून बघायला लावली. आईला म्हणाले, "आजी, तुमी आतल्या खोलीत जरा लवंडा." मग बाहेरून दार ओढून घेतलं आणि स्वतः जिन्यात जाऊन बसले. तासाभराने आत आले तेव्हा आई खरोखरच घोरत होती.

"आता सांगा," ते म्हणाले. "रिकामं घर सगल्यांनाच बरं वाटतं. भरलं का मंग खरं समजतं."

असे आम्ही त्यांचे भाडेकरू झालो. बिल्डिंगमधले सगळेच त्यांना काका म्हणायचे. आम्हीही म्हणू लागलो. ते मला माझ्या नावाने कधीच हाक मारत नसत. मूळ गाव साताऱ्याकडचं म्हटल्यावर मी त्यांचा 'घाटी' झालो तो कायमचाच. पहिले काही दिवस मला राग आला. नंतर लक्षात आलं की नावाने ते फक्त न आवडणाऱ्या माणसांना हाक मारतात.

बुटके, रुंद, पांढरा शर्ट आणि खाली थ्री-फोर्थ. चालताना हात अंगापासून लांब ठेवायचे, दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या असाव्यात तसे. आवाज असा की तळमजल्यावर बोलले तर गच्चीवर वाळत घातलेले कपडे घ्यायला आलेली बाई 'काय हो?' म्हणायची. शेतजमीन सरकारने घेतली, तिच्या बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर बिल्डिंग उभी राहिली. पण स्वतः काका मात्र जुन्या गावठाणातल्या घरातच राहायचे. बिल्डिंगपासून चार गल्ल्या पलीकडे. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा बिल्डिंगमध्ये चक्कर मारायचे, आणि प्रत्येक वेळी लिफ्टमध्ये मावतील तेवढी माणसं कोंबून वर जायचे. लिफ्ट तपासायची त्यांची तीच पद्धत होती.

वस्तू वापरून बघितल्याशिवाय, आणि तीही भरून वापरल्याशिवाय, त्यांनी कधी काही घेतलं नाही. खुर्ची घ्यायची तर दुकानातल्या दोघा नोकरांना आधी तिच्यावर बसवायचे आणि मग त्यांच्या मांडीवर स्वतः. वाशीच्या एका दुकानात गादी घ्यायला गेले तेव्हा शर्ट काढून आडवे झाले आणि झोपले. दुकानदार हलवून हलवून दमला. जागे झाल्यावर तो बोलायला लागला तसं काका शांतपणे म्हणाले, "घरी नेल्यावर झोप नाय लागली, तं तू येनार हायस का अंगाई बोलाया?" मुलाच्या लग्नाच्या वेळी हॉल बघायचा होता. मॅनेजरने रिकामा हॉल दाखवला तर बघायलाच तयार नाहीत. दोन दिवसांनी तिथे कुणाचं तरी लग्न होतं, त्या लग्नाला काका न बोलावता गेले, जेवले, गर्दीत हात धुवायला नळ मिळतो का ते बघितलं, नवरा-नवरीला आहेर केला आणि येताना हॉल बुक करून आले.

हे खूळ त्यांना वडिलांकडून मिळालं होतं. वडील मिठागरांतलं मीठ होडीतून न्यायचे. जुनी होडी विकत घ्यायची असली की ते आधी तिच्यात गोणी भरायला लावायचे. मालक कुरकुरायचा. वडील बिडी पेटवून बांधावर बसायचे आणि पाणी कुठवर चढतं ते बघायचे. काका ही हकीकत सांगताना स्वतःही उकिडवे बसायचे. "रिकामी होरी सगलीच तरंगते रं. भरून बग, मंग सांग."

आता अशा माणसाकडे मोठी, टोलेजंग गाडी असेल असं वाटेल. त्यांच्या भाऊबंदांकडे तशा गाड्या होत्याच, गल्लीत शिरल्या की दोन्ही बाजूंचे लोक पायरीवर चढायचे. काकांकडे मात्र छोटी, पांढरी, बरीच वर्षं चाललेली गाडी होती. कारण काकी. मोठ्या गाडीत चढताना काकींना पाय फार वर उचलावा लागतो, आणि छोटी गाडी गावठाणातल्या घराच्या अगदी उंबऱ्यापर्यंत येते. एवढं कारण त्यांना पुरेसं होतं.

काकी धवलारीण. आगरी लग्नात जुनी, जाणती बाई बसून धवले गाते, आणि मांडवापासून हळदीपर्यंतचे विधी तिच्या गाण्याने पुढे सरकतात, ती धवलारीण. काकींना किती गाणी पाठ होती ते त्यांनाही माहीत नसावं. त्यांचा गळा उंच नव्हता, गोडही नव्हता. पण त्या गायला लागल्या की मांडवातली पोरं मोबाइल खाली ठेवायची हे मी स्वतः पाहिलंय. लग्नसराईत काकांचं काम एकच, काकींना गाडीतून या गावाहून त्या गावाला पोचवायचं. मांडवाबाहेर गाडीला टेकून ते उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आतमंदी गाते ना, ती आमची."

मग काकी ओल्या अंगणात पडल्या. पाठीचं ऑपरेशन झालं. ते नीट झालं, डॉक्टर खूश होते, हळूहळू चाला, तासभर बसा, घराबाहेर पडा म्हणत होते. काकी घरात चालायच्या, चुलीपाशी उभ्या राहून स्वयंपाकही करायच्या. पण गाडीत बसायचं नाव काढलं की मान हलवायच्या. पडल्या त्या दिवशी ॲम्ब्युलन्समधून जाताना प्रत्येक खड्ड्याला जी कळ गेली होती ती त्यांच्या मनातून जात नव्हती. कित्येक महिने त्या घराच्या ओट्यापलीकडे गेल्या नाहीत. एकामागून एक लग्नं झाली, आमंत्रणं आली, काकींनी लुगडी पाठवली आणि स्वतः घरी राहिल्या.

अशात त्यांच्या बहिणीच्या नातीचं लग्न ठरलं. उरणच्या पलीकडचं गाव, काकींचं माहेर. बहिणीचा फोन आला तेव्हा माझी बायको तिथेच बसली होती. बहीण म्हणाली, तू त्रास घेऊ नको गं, पोरांनी मोबाइलवर धवले काढून ठेवलेत, स्पीकरला लावू. काकी 'बरं' म्हणाल्या. फोन ठेवला. मग भाजीचं ताट पुढे ओढून निवडायला घेतली. बायको घरी येऊन मला म्हणाली, "त्यांना रडू आलं असतं तर बरं झालं असतं."

त्याच दिवशी काकांनी ठरवलं, काकींना या लग्नाला न्यायचंच. आणि गाडीची चाकं बदलायची.

चाकं बदलणं भागच होतं. उलव्यातले खड्डे आणि खाडीची खारी हवा यांनी मूळच्या लोखंडी रिम गंजून वाकड्या झाल्या होत्या. गाडी चालताना लंगडायची. टायरवाल्याने रिम मशीनवर चढवून फिरवून दाखवली तर ती चक्क डोलत होती. तो म्हणाला, "काका, आता ठोकून होनार नाय. चारही नवीन घ्या."

इथे काकांचा पुतण्या मध्ये पडला. चांगला चाळिशीचा गृहस्थ, प्लॉटची दलाली करायचा, आणि गाडीच्या बाबतीत आपल्याला सगळं कळतं असं त्याला वाटायचं. त्याने कुठून तरी चकचकीत अलॉयची चाकं आणली, मूळ चाकांपेक्षा चांगली मोठी. "काका, काकी लग्नाला जानार तर गारी दिसली पायजे ना." बोल्टसाठी भोकं चार आणि गाडीला बोल्टही चार. पण भोकांमधलं अंतर जरासं वेगळं होतं. पुतण्या म्हणाला, जोर लावून आवळलं की बसेल. टायरवाल्याने पाना खाली ठेवला आणि हे मी करणार नाही म्हणाला. "जोर लावून बसवलेलं चाक रस्त्यात उतरतं, काका." पहिला सेट परत गेला.

दुसऱ्या सेटचे बोल्ट बरोबर बसले. गाडी अशी दिसायला लागली की गल्लीतली पोरं तिच्यासोबत फोटो काढू लागली. पुतण्या खूश, टायरवालाही खूश. काकांनी मात्र बिल्डिंगमध्ये येऊन बेल वाजवायला सुरुवात केली. मी, तिसऱ्या मजल्यावरचे बँकवाले आणि त्यांचे दोन दणकट मेहुणे असे चौघं गाडीत कोंबले गेलो. गावठाणाच्या वळणावर काकांनी स्टिअरिंग पूर्ण कापलं आणि मागून खर्रर असा आवाज आला. चाक बाहेरच्या बाजूला फार येत होतं. रिकाम्या गाडीत ते कळलं नसतं, पण गाडी भरून खाली बसली तसा टायर मडगार्डला घासायला लागला. काकांचा चेहरा उजळला. "बगितलंस, घाटी? ही होरी बुरली असती." दुसरा सेट परत गेला.

मला वाटलं होतं की प्रकरण इथे संपेल. पण मी काकांना अजून पुरता ओळखत नव्हतो. चाक घासत नाही एवढ्यावर त्यांचं समाधान होणार नव्हतं. काकींना धक्का बसतो की नाही, हे त्यांना बघायचं होतं. आणि त्यासाठी त्यांनी जी युक्ती काढली तिचा बळी मी ठरलो. पुढच्या सीटवर, म्हणजे काकींच्या जागेवर, मला बसवायचं आणि माझ्या मांडीवर काठोकाठ भरलेला कालवणाचा टोप द्यायचा.

आमची आई माळकरी. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. आणि माझ्या मांडीवर जिताडा माशाचं कालवण. मी म्हटलं, "काका, पाणी घ्या ना. पाण्यानेही कळेल."

"पानी सांडलं तं सुकतं," काका म्हणाले. "कालवन सांडलं तं दिसतं."

त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी मी जुनी पँट घालून तयार राहू लागलो. मागे बँकवाले आणि मेहुणे, पुढे मी, मांडीवर टोप. शेजारच्या गाड्यांमधले लोक सिग्नलला काच खाली करून बघायचे. तिसऱ्या सेटला बोल्ट बरोबर, वळणावर आवाज नाही, पण गाडी वेगात गेली की स्टिअरिंग थरथरायचं आणि टोपावर लाटा उठायच्या. टायरवाल्याने चाक काढून दाखवलं. रिमचं मधलं भोक गाडीच्या हबपेक्षा, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं त्या गोल भागापेक्षा, मोठं होतं, त्यामुळे चाक बोल्टवर टांगल्यासारखं राहायचं, मध्यावर बसायचं नाही. त्याने मधे रिंग घातली आणि थरथर थांबली. त्या रविवारी बेलापूरपर्यंत जाऊन आलो, टोपातून एक थेंब बाहेर आला नाही. काकांनी गाडी बाजूला घेतली आणि रस्त्यातच मला मिठी मारली, टोपासकट. पँट गेली ती तेव्हा.

कालवण करणाऱ्या काकीच. रविवारी सकाळी त्या ओट्यावर उभ्या राहून आमची वरात निघताना बघायच्या. एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "माजं कालवन दर ऐतवारी फिराया जातं. मी नाय."

बायकोने मला हे सांगितलं. मी हसलो. ती हसली नाही.

काकींना गाडीत बसवायचा दिवस ठरला तेव्हा बिल्डिंगमधली बरीच मंडळी गावठाणात जमली होती. उशी मांडली, सीट मागे केली. काकांनी काकींना असं धरलं होतं की पडण्यापेक्षा त्या धरण्यानेच जास्त दुखेल असं वाटत होतं. फक्त देवीच्या देवळापर्यंत जाऊन परत यायचं होतं. गाडी चालू झाली, गल्लीच्या तोंडाशी पहिला स्पीडब्रेकर आला, आणि काकी ओरडल्या. फार मोठ्याने नाही. पण काका तिथेच थांबले, आणि तिथूनच उलट्या गिअरमध्ये गाडी दारापर्यंत मागे आणली. काकी माझ्या बायकोच्या खांद्यावर हात टाकून आत गेल्या. जाताना म्हणाल्या, "आता मना कुठं न्याचं नाव काढू नका."

जमलेले लोक पांगले. टायरवाला दुसऱ्या दिवशी समजवायला आला. काकांनी प्रत्येक वेळी गाडी पाच माणसांनी भरून बघितली होती, म्हणून टायरमध्ये हवाही पाच माणसांच्या वजनाची भरलेली. भरलेली गाडी खाली दबून बसते, मऊ चालते. त्या दिवशी गाडीत दोघंच होते, आणि अलॉयवरचे टायर दिसायला भारी पण कडेला पातळ. धक्का सरळ पाठीत गेला. तो म्हणाला, "मूळच्या मापाच्या लोखंडी रिम घ्या, काका, जाड कडेचा टायर घ्या. दिसायला साधा, पन मऊ." त्याने ते आधीच सांगायला हवं होतं, पण अलॉय विकण्यात त्यालाही मजा वाटत होती हे त्याने कबूल केलं.

लोखंडी रिम आल्या. काळ्या, साध्या, वर प्लास्टिकच्या टोप्या. पुतण्याने बघितलं आणि तोंड वाकडं करून निघून गेला. मला वाटलं, आता काका काकींना पुन्हा विचारतील. पण पुढच्या रविवारी माझ्याच दाराची बेल वाजली. त्याच्या पुढच्या रविवारीही. मी, मेहुणे, टोप. चाकं गोड चालत होती. कालवण शांत होतं. लग्न आठवड्यावर आलं होतं, आणि काका अजून मलाच फिरवत होते.

शेवटी मी चिडलो. गाडी यार्डाच्या रस्त्याला लागली होती, मागे बँकवाले डुलकी घेत होते. म्हटलं, "काका, आणखी किती दिवस मला बसवणार? लग्न माझ्या मावशीकडचं नाहीये."

काका रस्त्याकडे बघतच म्हणाले, "ॲम्ब्युलन्समधे मी तिच्या बाजूला होतो. त्या दिवशी गल्लीत ओरडली ना, तसाच आवाज." त्यांनी गिअर बदलला. "मी सगल्यांना बसवून बगेन रं घाटी. अख्ख्या बिल्डिंगला बसवून बगेन. तिना नाय."

आयुष्यभर हा माणूस सांगत आला की ज्याच्यासाठी वस्तू घ्यायची त्याचं वजन घालून बघ. आणि जिच्यासाठी ही सगळी चाकं आणली होती, तिच्याच वजनाला तो घाबरत होता. मला त्यांचा राग आला होता तो गेला, आणि त्याच्या जागी असं काहीतरी आलं की मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. पण मांडीवर टोप होता.

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती तशीच चप्पल घालून काकींकडे गेली. काय बोलली ते तिने मला नीट सांगितलं नाही. एवढंच कळलं की तिने काकींना विचारलं, तुम्हाला जायचंय का? आणि काकी म्हणाल्या, इतक्या दिवसांत हे मला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं.

पुढच्या वेळी, लग्न तोंडावर म्हणून रविवारची वाट न बघता, काका आणि मी नेहमीप्रमाणे गाडीत बसलो होतो. मागची सीट मोकळी होती, बँकवाले आणि मेहुणे गावी गेले होते. काका टोपाची वाट बघत होते. टोप घेऊन काकी स्वतः आल्या. ओट्याची पायरी एका हाताने कठडा धरून उतरल्या, दुसऱ्या हातात टोप, मागे बायको हात पुढे करून, पण न धरता. गाडीच्या दाराशी येऊन काकी मला म्हणाल्या, "ऊठ बाला. ती जागा माजी हाय."

मी उठलो. टोप माझ्या हातात देऊन त्या हळूहळू आत बसल्या. आधी पाठ टेकवली, मग एकेक पाय आत घेतला. काकांचा हात किल्लीवर होता, पण किल्ली फिरत नव्हती.

"अवो, चालवा."

"अगं, पन उशी..."

"उशी नको. चालवा."

मी आणि बायको मागे बसलो. गल्लीच्या तोंडाशी तोच स्पीडब्रेकर. काका त्याच्यावरून इतक्या हळू गेले की एखादा माणूस चालत पुढे गेला असता. काकींनी डोळे मिटले होते. पुढची चाकं उतरली, मागची उतरली.

"थांबवा," काकी म्हणाल्या.

काकांनी थांबवलं. त्यांच्या मानेवर घाम आला होता. काकींनी डोळे उघडले. "पुढून बरी हाय. मागनं उरतेय. हवा जास्ती हाय मागं."

टायरवाल्याकडे गेलो, त्याच्या दुकानासमोरही एक स्पीडब्रेकर होता. त्याने गाडीच्या दारावर कंपनीने दिलेलं हवेचं माप दाखवलं, कमी माणसांसाठी एक आणि भरलेल्या गाडीसाठी एक. नवीन रिम आल्यावरही काकांनी दर रविवारी भरलेल्या गाडीचंच माप धरलं होतं. टायरवाल्याने मागची हवा पहिल्या मापावर आणली. काकींनी त्याला टायर दाबून दाखवायला लावला, मग स्वतः खिडकीतून वाकून आवाज ऐकला. पुन्हा स्पीडब्रेकर. पुन्हा थांबवा. सीट थोडी पुढे, पाठ थोडी सरळ. पुन्हा स्पीडब्रेकर. दुकानासमोरच्या त्या एकाच उंचवट्यावरून आम्ही इतक्या वेळा गेलो की चहावाला बाहेर येऊन उभा राहिला. प्रत्येक वेळी काकी काहीतरी सांगायच्या आणि काका 'हां, हां' म्हणत करायचे. मी काकांना एवढं कमी बोलताना कधीच बघितलं नव्हतं. शेवटच्या फेरीला काकींच्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही. त्या समोर बघत होत्या. "आता ठीक हाय," त्या म्हणाल्या. "घरी चला, भाताची वेल झाली."

हळदीच्या दिवशी दुपारी आम्ही चौघं निघालो. काकींनी हिरवं लुगडं नेसलं होतं, अंबाड्यात अबोलीचा गजरा. माझ्या मांडीवर या वेळी काही नव्हतं, आणि मला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. उरणचा रस्ता म्हणजे कंटेनरचा रस्ता. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर. काका डाव्या कडेने सायकलच्या वेगाने चालले होते. मागून हॉर्नचा गोंगाट चालला होता. मध्येच एका ट्रेलरचा ड्रायव्हर बाजूने जाताना खिडकीतून काहीतरी बोलला, आणि काकांनी, ज्यांनी आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं, त्याला हात जोडले.

डोंगराची कड संपली आणि खाडी दिसायला लागली तेव्हा काकींनी घसा साफ केला. मग अगदी हळू, ओठातल्या ओठात, एक ओळ म्हटली. थांबल्या. तीच ओळ पुन्हा म्हटली, पुढची विसरल्या, मागे जाऊन पुन्हा धरली. इतके महिने बंद राहिलेला गळा होता, आवाज फाटत होता. बायकोने माझा हात घट्ट धरला. काकांनी ते गाणं ऐकलं आणि गाडी आणखी हळू केली, इतकी की ती बंद पडायला आली.

काकी गाता गाता थांबल्या. "अवो, काय झालं?"

"काय नाय. तू गा."

"मी गाते. पन हलद माज्या आदी लागंल तिथं. दाबा जरा."

काकांनी आरशातून आमच्याकडे बघितलं. आम्ही काय म्हणणार होतो? त्यांनी गिअर बदलला आणि पाय दाबला. मागचे हॉर्न थांबले. पुढच्याच वळणावर ट्रेलरांनी उखडलेला खड्डा होता, तो काकांना दिसेपर्यंत उशीर झाला होता. मी उडालो, बायको उडाली, काकांचं डोकं छताला लागलं आणि ते घाबरून डावीकडे बघू लागले.

काकींनी एका हाताने दाराची कडी धरली होती. गाणं चालूच होतं.